खिशातला गूळ

पाचवीच्या मुलींकडून मी नद्या पाठ करून घेत होते. वैनगंगा, वर्धा, प्राणहिता... एवढ्यात आमच्या गावचा दौलत शाळेच्या दारात सायकल आडवी टाकून थेट वर्गात शिरला. पाय अनवाणी, सदऱ्यावर रक्त. मी म्हटलं, "आधी बाहेर हो, मुली घाबरतात." माणूस रक्तानं भरून समोर उभा आहे आणि आपण शिस्तीचं बोलतो, मास्तरकी अशी अंगात मुरते. तो बाहेर गेला नाही. दाराची चौकट धरून म्हणाला, "बाई, चाल. सोमाभाऊ गेला. पटात बैलायनं तुडवलं." मुलींना सुट्टी दिली की नाही, हेही मला आता आठवत नाही.

सोमेश्वर म्हणजे सोमा, माझा थोरला भाऊ. पट म्हणजे शंकरपट. आमच्या झाडीपट्टीत धान कापून मळून झालं, की पौष-माघात गावोगाव बैलजोड्यांच्या शर्यती भरतात. वडशाजवळच्या एका गावी असाच पट भरला होता. शेजारशेजारच्या दोन वाटांवरून दोन छकडे सुटले आणि शेवटाला आल्यावर त्यातली एक जोडी बिथरली. वाट सोडून ती बाया बसल्या होत्या त्या अंगाला वळली. दादा तिथं दोर धरून उभा होता. गर्दी मागं रेटायची, एवढंच त्याचं काम. तो दोराखालून वाकून पुढे झाला आणि हात पसरून बैलांसमोर उभा राहिला. जुवाचं टोक छातीत बसलं, मग खूर, मग चाक. मी पोचले तेव्हा त्याला आंब्याखाली बाजेवर ठेवलं होतं. चेहरा जसाच्या तसा होता. गळ्याखाली मात्र बघवत नव्हतं, तरी मी बघितलं. शेजारच्या झाडाला ती जोडी बांधलेली होती, एकाच्या शिंगाला वाळलेलं रक्त होतं.

सरण रचलं जात असताना एक पोक्त गृहस्थ मला समजवायला आले. म्हणाले, "हौसेले मोल नसते, बाई. आवडीच्या कामात मेला. असं मरण पुण्यवानालेच येते." त्यांच्या थोबाडीत द्यावी असं मला वाटलं. दिली नाही, कारण मी शाळेत नोकरी करते आणि चार लोकांत हात उचलणं आम्हाला परवडत नाही. पण त्यानंतर भेटायला आलेल्या प्रत्येकानं तेच म्हटलं. दोन महिने होत आले, राग उतरत नाही, म्हणून हे लिहायला बसले. आवडीचं काम की पोटाचं काम, हा आमच्या घरात गप्पांचा विषय नव्हता. त्या वादात एका माणसाचा पाय गेला, एकाचे दात गेले, आणि माझ्या भावाचा आधी आवाज गेला, मग जीव.

आमचे वडील गावच्या मालगुजाराकडे, म्हणजे जमीनदाराकडे, वर्षाच्या बोलीवर सालदार होते. ते गेल्यावर दादा त्याच गोठ्यात कामाला लागला. मी शिकले ते शिष्यवृत्तीवर आणि हट्टावर. दादाला अक्षर कधी लागलं नाही, पण बैल लागला. मालगुजाराकडे पटाची एक जोडी होती, बादल आणि हिऱ्या. पटाचे बैल शेतीच्या बैलांसारखे थोराड नसतात. हे दोघे बारीक अंगाचे, लांब पायांचे आणि डोळ्यांत सतत भीती असलेले होते. त्यांना उडदाची डाळ, अंडी, तूप. आमच्या घरी तांदळाची पेज. माझी वहिनी सुभद्रा म्हणायची, "पुढच्या जन्मी मी मालगुजाराचा बैल होईन. नवरा तरी माह्या अंगावरून हात फिरवन." दादा हसायचा आणि पेज पिऊन पुन्हा गोठ्यात जायचा.

बैल हाकायच्या काठीला आमच्याकडे तुतारी म्हणतात. तिच्या टोकाला खिळ्यासारखी लोखंडी आर असते. शर्यतीत शेवटच्या टप्प्यात हाकणारे ती आर बैलाच्या मांडीत खुपसतात, शेपटी पिरगाळतात, काहीजण दातांनी चावतात. जिंकून आलेला बैल पुष्कळदा मागून रक्तानं भिजलेला असतो आणि त्याच्या कपाळाला गुलाल असतो. दादाच्या आधी बादल-हिऱ्याला हाकणारा एक वयस्क गडी होता. एकदा सरावात त्यानं बादलच्या मांडीत आर घालून फिरवली. दादानं ती तुतारी हिसकावली, आर दातांनी उपटली, आणि त्याच काठीनं त्या गड्याला एवढा मारला की त्याचा खांदा पुन्हा कधी धड झाला नाही. सुटलेली आर ओठातून आरपार गेली होती, रक्त गळत होतं, आणि हा बादलची मांडी धूत बसला होता. माझा भाऊ प्राण्यांवर दया करणारा संत होता असं कुणी समजू नये, म्हणून हे सांगते. बैलाला त्यानं जन्मात टोचलं नाही. माणसाला मारताना मात्र त्याचा हात कधी अडखळला नाही.

बैल तो गळ्यानं हाकायचा. शर्यत सुटली की गप्प. सगळे हाकणारे बोंबलत असताना हा नुसता वाकून उभा, एक हात शेपटीच्या मुळाशी. शेवटची पल्लेदार धाव उरली, की पोटातून एक हाळी काढायचा. तिच्यात शब्द नव्हता. आधी घशात गुरगुर आणि मग एकदम फुटलेला आवाज... ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा. त्या हाळीला बादल-हिऱ्या असे झेपावायचे की छकडा जमीन सोडायचा. ती त्यांना त्यानं वासरं होती तेव्हापासून शिकवली होती. हाळी दिली की जीव खाऊन पळायचं, थांबलं की गूळ. गूळ त्याच्या सदऱ्याच्या खिशात असायचा. धाव संपली की दोघं फेसाळल्या तोंडानं मान वळवून त्याच्याकडे बघत उभे राहायचे, आणि तो पुढे होऊन तळहातावर गूळ धरायचा. मला वाटतं, जगात तेवढीच एक जागा होती जिथं माझा भाऊ पूर्ण सुखी होता. मोबदला म्हणाल तर खळ्यातलं उरलंसुरलं धान, जिंकलं तर फेटा.

त्या सुखात वहिनीचं पहिलं मूल गेलं. बाळंतपण होऊन ती उठली न उठली तोच धानाच्या रोवणीला गेली, कारण घरात दाणा नव्हता. बाळाला बांधावर टोपलीत ठेवून ती चिखलात वाकली. वरून झड लागलेली. तापानं मूल गेलं तेव्हा दादा मालगुजाराच्या बैलांचे खूर शेकत होता. वहिनीनं टोपली चुलीत घातली, जाळली, आणि त्यावरच भात शिजवला.

सरकारनं कायदा करून मालगुजारी मोडली, तसे मालगुजाराचे शौकही गेले. दोन-तीन वर्षं त्यानं ओढून नेली, पण मग गोठा रिकामा व्हायला लागला. त्या सुमाराचा एक पट मला आठवतो. दादानं तिथं शेजारगावच्या जोडीला हरवलं, हरलेल्यांनी छकड्याच्या चाकात काठी घातली असा बोभाटा झाला, आणि बघता बघता मैदानात मारामारी उसळली. दगड, जुवाच्या खुंट्या, हाताला लागेल ते. दादानं एकाला उचलून दुसऱ्यावर आपटलेला मी डोळ्यांनी पाहिला. दात पडलेली, डोकी फुटलेली माणसं बांधाआड बसून ओकत होती. हे सगळं एक जंगलाचा ठेकेदार झाडाखाली खुर्ची टाकून बघत होता. अल्लापल्लीकडे त्याचं सागवानाचं काम चालायचं. त्याला बैलांशी देणंघेणं नव्हतं, तो माणूस शोधत होता. मजुरांवर धाक ठेवायला जमादार हवा होता त्याला. महिन्याचा पगार, कवेलूचं म्हणजे कौलारू घर, वर्षाला दोन जोडी कपडे. दादानं ओठाचं रक्त पुसलं आणि नाही म्हणाला.

पुढच्या अक्षय तृतीयेला, म्हणजे सालदारीचे करार होतात त्या दिवशी, मालगुजारानं त्याला सांगितलं की आता ठेवता येत नाही. आणि बादल-हिऱ्या विकले. त्याच ठेकेदाराला, लाकडं ओढायला, स्वस्तात. मी सुट्टीवर आले होते. दादा अंगणात बसला होता, वहिनी चुलीपाशी, तिला पुन्हा दिवस गेलेले.

"बैल गेले," दादा म्हणाला. "आता मी का करू, बाई?" मी मास्तरीण झाले तेव्हापासून तो मला बाईच म्हणायचा.

"जमादारकी कर. बोलावून राह्यला ना तो?"

"मले ते काम नाई आवडत. मारायचं काम हाय ते."

"पटात का आरती करत होता का तू? फुकटात मारत होता. आता पगार घेऊन मार."

मग त्यानं विचारलं, "तुले शाळा आवडते का?"

"नाई," मी म्हटलं. "मले पगार आवडते."

चुलीपाशी वहिनी हसली. मूल गेल्यापासून पहिल्यांदा ती हसली होती. ते हसू ऐकून दादानं मान खाली घातली आणि दुसऱ्या दिवशी गाठोडं बांधलं. मी त्याला ढकललं, असं गावात बोलतात. बोलोत. आधी पोटोबा मग विठोबा, हे ज्यांची पोटं भरलेली असतात ते विसरतात. त्या घरात ती टोपली जळताना मी पाहिली होती. पुन्हा तोच दिवस आला, तर मी तेच बोलेन.

आणि खरं सांगायचं तर वर्षभर सगळं छान चाललं. वहिनीला मुलगी झाली, गुटगुटीत. कवेलूचं घर, घरात धानाची कोठी भरलेली, वहिनीच्या अंगावर ठिगळ नसलेलं लुगडं. पुढच्या उन्हाळ्यात मी तिकडे गेले तेव्हा तिनं मला सगळ्यात आधी कोठीचं झाकण उघडून दाखवलं. देवघर दाखवावं तसं. दादाही जाड झाला होता. त्याच्या हातात तेल पाजलेली काठी असायची आणि तो चालत गेला की मजूर बोलायचे थांबायचे. मी असताना त्यानं एकाला मारलं. उशिरा आला म्हणून. मारताना त्याच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं, लाकूड फोडावं तसा मारत होता. तो मजूर ओरडलाही नाही. संध्याकाळी दादा जेवला, मुलीला खांद्यावर घेऊन फिरला. मला त्याला जाब विचारायचा होता. पण कोठीचं झाकणही मी पाहिलं होतं, आणि मी गप्प बसले.

बादल-हिऱ्या तिथंच होते. साखळीनं सागाचं लाकूड बांधून उतारावरून डेपोपर्यंत ओढायचं काम. ते काम रेड्यांचं. या दोघांचे खांदे सोललेले, फासळ्या दिसत होत्या. दादा त्यांच्या वाटेला जात नसे. लांबून त्याची पावलं वाजली तरी दोघं मान वळवून बघायचे. मी म्हटलं, "एकदा हात तरी फिरव." तो म्हणाला, "त्यायच्याकडे पाह्यलं का मंग मले कामावर जाता येत नाई." पण गूळ त्याच्या खिशात अजून असायचा. कशाला, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

त्या बैलांमागे काम करणारा मजूर चैतू मडावी. जवळच्याच जंगलगावचा, दादाच्याच वयाचा, कमी बोलणारा. मी तिथं असतानाच एके दिवशी त्यांच्या गावी विज्जा पंडुम होतं. पेरणीआधी बियाणं देवापुढे ठेवायचा त्यांचा सण. त्या दिवशी झाडाला हात लावायचा नाही, लाकूड हलवायचं नाही. पण ट्रक यायचे होते आणि ठेकेदारानं बजावलं होतं की एकही माणूस जाता कामा नये. ऊन चढल्यावर चैतू दादापाशी आला. "जमादार, आमी जातो. उद्या जास्तीचं ओढून देऊ," एवढं म्हणाला, आणि उत्तराची वाट न बघता परत फिरला. बैल मोकळे करायला तो उतारावर लाकडाच्या पुढे, साखळीशी वाकला. बाकीचे मजूर चालायलाही लागले होते.

मी घराच्या दारात उभी होते. दादा काठी घेऊन पळत निघाला. त्याच्या मानेच्या शिरा मला तिथून दिसत होत्या. वर्षभरात कुणी त्याला पाठ दाखवली नव्हती. त्याला शिवी द्यायची होती... आणि शिवीऐवजी घशातून ती हाळी आली. आधी गुरगुर, मग फुटलेला आवाज.

बैल झेपावले. सोललेल्या खांद्यांनी, उपाशी पोटांनी, पटात झेपावायचे तसेच. साखळी ताणली गेली, चैतू आडवा पडला आणि सागाचं ते अख्खं लाकूड त्याच्या उजव्या पायावरून गेलं. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. त्यानंतरचं त्याचं ओरडणं मी ऐकलं. पाय मांडीपासून खाली चिखलासारखा झाला होता, त्यात पांढरं दिसत होतं. माणसं धावली, कुणी धोतर फाडलं, कुणी पाणी आणलं. लाकूड एका झाडात अडकलं तेव्हा बैल थांबले. फेस गळत होता, अंग थरथरत होतं. आणि त्या सगळ्या आरडाओरड्यात दोघांनी मान वळवली आणि ते दादाकडे बघत उभे राहिले. धाव झाली होती. त्यांना गूळ हवा होता.

दादाचा हात खिशाकडे गेला. मी पाहिलं. सवयीनं गेला, आणि मग तो जागच्या जागी खाली बसला.

चैतूला ट्रकमधून चांद्याला नेलं, तिथं पाय कापला. दुसऱ्या दिवशी सकाळी ठेकेदार जीपनं आला. मला वाटलं आता दादाची नोकरी गेली. ठेकेदारानं त्याच्या पाठीवर थाप मारली. म्हणाला, "शाब्बास जमादार! अब कोई हिलेगा नहीं." पुढच्या महिन्यापासून पगार वाढवतो म्हणाला, डेपोवर कायमचा मुख्य जमादार करतो म्हणाला. वहिनी दाराआड मुलीला पाजत होती. मला तिचा चेहरा दिसत होता. तिला ती नोकरी हवी होती. रक्त बघूनसुद्धा हवी होती, आणि तिला नावं ठेवायचा हक्क कुणालाही नाही. दादानं एकदा दाराकडे पाहिलं. मग त्यानं ठेकेदाराच्या तोंडावर ठोसा मारला. तो पडल्यावर त्याच्या छातीवर बसून पुन्हा मारला, पुन्हा मारला. त्याला ओढून काढायला सात-आठ माणसं लागली, आणि ती माणसं मुद्दामच सावकाश आली होती.

चैतूच्या पायाबद्दल कुणालाही काही झालं नाही. ठेकेदाराच्या दातांबद्दल दादाला तुरुंग झाला. बैलांना ठेकेदारानं बाजार दाखवला, ते कुठे गेले कळलं नाही. वहिनी मुलीला घेऊन गावात परत आली, त्याच गवती छपराखाली. दादा सुटून आला तोवर राज्यांची पुनर्रचना होऊन आमचा जिल्हा एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेला होता. माणसं होती तिथंच होती.

त्या हिवाळ्यात पटवाले त्याला बोलवायला आले. चांगली जोडी होती, मालक हौशी होता, पैसेही देणार होता. यंदा आवड आणि पोट एकाच छकड्यात बसत होतं! मी मुद्दाम बघायला गेले. दादा छकड्यावर वाकून उभा राहिला, एक हात शेपटीच्या मुळाशी, अगदी जुन्यासारखा. शेवटची धाव आली. त्यानं तोंड उघडलं... आणि आवाज आलाच नाही. नुसती खरखर. जोडी हरली. नागपूरच्या डॉक्टरला दाखवलं, तो म्हणाला घशात काही दोष नाही. त्यानंतर दादा हळू आवाजात बोलायचा, पण मोठा आवाज त्याच्या गळ्यातून पुन्हा कधी निघाला नाही. मुलगी पाण्याच्या काठाशी गेली तरी त्याला तिला हाक मारता येत नसे, तो धावत सुटायचा.

दर पावसाळ्यात तो चैतूच्या गावी जायचा आणि त्याचं शेत नांगरून द्यायचा. पहिल्या वर्षी चैतूच्या भावांनी त्याला बांधावर झोडपून काढलं. त्यानं मार खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नांगर धरला. दुसऱ्या वर्षी त्यांनी मारलं नाही. एकदा मी त्याच्याबरोबर गेले होते. चैतू कुबडी घेऊन बांधावर बसला होता. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, त्यामुळे ते जास्त लागलं. तो मला म्हणाला, "बाई, तुह्या भावाले म्या पटात पाह्यलं होतं, एकडाव. तवाची हाळी अन् त्या दिवसाची हाळी सारखीच होती. म्या वाकलेला होतो. म्हटलं, आज जमादार खूश हाय."

परतताना मी दादाला विचारलं, हे खरं का. तो त्याच्या त्या बारीक आवाजात म्हणाला, "खरं हाय, बाई. सालभर म्या काठी चालवली, मले काईच वाटलं नाई. ती हाळी निघाली... अन् त्या घडीले मले बरं वाटलं. लय बरं वाटलं. मंग पाह्यलं." मी चिडून म्हटलं, मग पट सोडून दे कायमचा, गूळ कशाला बाळगतोस खिशात?

म्हणून मला ते पुण्यवान मरण ऐकवत नाही. पगारासाठी माणूस दगड होतो, हे मी पाहिलं. पण हौसेला मोल नसतं हेही खोटं आहे. हौसेचं मोल चैतूनं दिलं, वहिनीच्या पहिल्या बाळानं दिलं. हौसेलाही आर असते, आणि ती खुपसली जाते दुसऱ्याच्याच मांडीत. माझ्या भावाला हे कळलं होतं. म्हणून तो छकड्यावरून उतरला आणि दोर धरून उभा राहिला. त्या कामाला पगार नव्हता आणि त्यात मजाही नव्हती. एक वेळचं जेवण मिळायचं. लोकांना बैलांपासून लांब ठेवायचं, बस. त्या दिवशी बघणारे सांगतात, की बैल अंगावर आले तेव्हा त्यानं तोंड उघडलं होतं. आवाज आला नाही.

परवा गावी गेले होते. वहिनी आता वडशाला तांदळाच्या गिरणीत कामाला जाते. मी काम कसं आहे म्हणून विचारलं. ती म्हणाली, "आठोड्याच्या आठोड्याले पैसे देतात," आणि विषय संपला. घरात खुंटीला दादाचा त्या दिवशीचा सदरा टांगलेला होता. तिनं तो वरवर धुतला होता, रक्ताचे डाग फिके झाले होते. भिंतीवरून मुंग्यांची रांग चढत होती आणि त्या सदऱ्याच्या खिशात जात होती. मी म्हटलं, "वहिनी, खिशात गूळ राह्यला असन. काढून टाक."

"नाई," ती म्हणाली. "गूळ म्या तवाच काढला. खिसा चिकट राह्यला तेवढाच."

"तवाच म्हणजे?"

मग तिनं सांगितलं. त्या दिवशी मी पोचायच्या आधी ती तिथं पोचली होती. दादा जमिनीवर पडलेला होता, बाया रडत होत्या, बापे त्या जोडीला काठ्यांनी मारत होते. ती दादापाशी बसली. त्याच्या खिशात हात घातला. गूळ रक्तानं ओला झाला होता. तो घेऊन ती उठली, मारणाऱ्यांना बाजूला सारलं आणि तळहातावर धरून त्या बैलांना चारला. ज्यांनी तिचा नवरा तुडवला होता, त्यांना.

मी तिच्यावर ओरडले. काऊन केलं असं, म्हणून विचारलं. ती मुंग्यांकडे बघत होती.

"ते मान वळवून पाहत होते, बाई," वहिनी म्हणाली. "त्यायले का ठावूक, का झालं ते? पळा म्हटलं, पळले. गूळ त्यायले द्यावाच लागते."

मी सदरा खुंटीवरच राहू दिला.